शाळेला पाणी पाजणारे नेमाण्णा

नेमाण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतींकडे बघत. चपला काढता काढता त्यांची नजर दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात जाई, तिथून छताच्या कडेने फिरत खिडकीपाशी येई आणि मग ते यजमानाला म्हणत, "काय, बरं हाय न्हवं?" हा प्रश्न आपल्याला आहे की भिंतीला, हे पहिल्या भेटीत कुणाला कळत नसे.

आमच्या सांगलीच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडायच्या आत त्यांनी बाहेरूनच विचारलं, "बाई, तुमच्या सैपाकघराच्या खिडकीखाली तिरकी भेग हाय का?" भेग होती. मागच्याच आठवड्यात मी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. मी चकित होऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "तुमच्या मागच्या अंगणात गुलाब लय टवटवीत हायत. भर उन्हाळ्यात एवढं पाणी एकाच बाजूला मिळतंय म्हटल्यावर भिंत गप बसंल व्हय?"

रेवा, ईशान, तुम्ही सुट्टीत आजीकडे आलात तेव्हा शेजारच्या बंगलीतून हसण्याचा मोठा आवाज यायचा, तो या नेमाण्णांचा. आता ते बेळगावला लेकीकडे राहायला गेले आहेत. पुढच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा शेजारी दुसरंच कुणी असेल, म्हणून ते कसे होते ते लिहून ठेवते.

त्यांचं पूर्ण नाव नेमगोंडा. आष्ट्याजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरचे. तुमच्या कानाला हे नाव नवं वाटेल, पण आमच्या या भागात अशी 'गोंडा' लागलेली नावं घरोघरी सापडतात, कर्नाटक जवळ आहे ना. शिकायला मुंबईला गेले, पुढे परदेशात जाऊन मातीवर डॉक्टरेट केली, आणि परत येऊन कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ऑफिस थाटलं. बोलणं मात्र कायम आष्ट्याचंच राहिलं. परदेशी प्राध्यापकांशी फोनवर अस्खलित इंग्रजी बोलत आणि फोन ठेवला की म्हणत, "लय भारी माणूस हाय गड्या, पर त्याला काळी माती म्हाईत न्हाई."

काळी माती हाच त्यांच्या आयुष्याचा विषय होता. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उसाला आणि हळदीला ती उत्तम, पण तिच्यावर घर बांधलं की ते वर्षभर कणाकणाने वरखाली होत राहतं. माझं माहेर साताऱ्याचं, तिथे घरं मुरमावर आणि खडकावर उभी असतात. त्यावरून ते मला चिडवायचे. "तुमी सातारकर खडकावर वाढलेले. एकदा मत झालं की हलत न्हाई. आमी सांगलीकर काळ्या मातीतले. कौतुक केलं की फुगतो, कुणी इचारलं न्हाई की भेगाळतो."

असा मातीत रमलेला माणूस, पण मातीखालचं काही खात नसे. कांदा, बटाटा, लसूण, गाजर, काही नाही. "मातीतलं खात न्हाई, मातीवर जगतो," असं ते स्वतःच सांगत. जमीन खोदताना जीव मरतात म्हणून त्यांच्या आईचं सांगणं होतं की गरजेपेक्षा एक खड्डाही जास्त पाडायचा नाही. नमुना काढण्यासाठी जमिनीत भोक पाडायची वेळ आली की यंत्र सुरू होण्याआधी ते हात जोडून उभे राहत आणि खालच्या जिवांची क्षमा मागत. यंत्रवाले कामगार तोवर तंबाखू मळत थांबून राहत. बाकीचे इंजिनिअर ज्या कामाला सात-आठ भोकं पाडत, तिथे नेमाण्णा दोन-तीनांत भागवत. उरलेलं कॉम्प्युटरला विचारत.

कॉम्प्युटर मातीबद्दल काय सांगणार, हे मला समजत नव्हतं. म्हणून एकदा त्यांनी मला कुपवाडला नेलं. एका बाजूला लेथ मशीनचा कारखाना, दुसऱ्या बाजूला नटबोल्टचा, आणि मध्ये यांची खोली. पडद्यावर एक घर होतं आणि घराखालची जमीन. दोन्हींवर त्रिकोणांची बारीक जाळी विणलेली.

"सुतळीची बाज बघितलीया न्हवं? एका कोपऱ्यात माणूस बसला तर पलीकडच्या कोपऱ्यातली सुतळीसुदीक थोडी ओढली जाती. हे तसंच. हा एकेक त्रिकोण म्हंजे मातीचा तुकडा. तो शेजाऱ्याला इचारतो, तू किती हललास? मग मी किती हलू? शेजारी त्याच्या शेजाऱ्याला इचारतो. असं इचारत इचारत सगळ्यांचं एकमत झालं की उत्तर मिळतं."

"आणि एकमत झालं नाही तर?" मी विचारलं.

"मग आमच्या भावकीगत. चालूच राहतं, निकाल न्हाई."

आणि ते इतक्या जोरात हसले की शेजारच्या लेथवरचा माणूस दारात डोकावून गेला.

आता त्यांची खरी गोष्ट सांगते.

आष्ट्याच्या पलीकडे एका गावात मुलींची शाळा आहे. निवृत्तीनंतर दर शनिवारी मी तिथे इंग्रजी शिकवायला जाते. त्या शाळेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सातवीचा वर्ग. त्या वर्गाच्या खिडकीपासून छताकडे तिरकी भेग गेली होती. दर उन्हाळ्यात ती उघडायची आणि दर वर्षी थोडी जास्त. गावात एकच बोलणं, कोपरा खचला. शाळा समितीचे अध्यक्ष सुभेदार आबा, सैन्यातून निवृत्त झालेले, उंच, मिशा राखलेले, आवाज परेड ग्राउंडवरचा. त्यांची नात त्याच सातवीत जाणार होती. शाळा पाडायची की ठेवायची, हे ठरवायचं होतं. पाडली तर नवी होईपर्यंत मुलींना आष्ट्याला जावं लागणार होतं, आणि बऱ्याच घरांत मला स्पष्टच सांगितलं होतं की एवढ्या लांब एसटीने आम्ही पोरगी पाठवणार नाही. म्हणजे त्यांची शाळाच संपली असती. उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी नेमाण्णांना बोलावून आणलं.

त्यांनी दोन ठिकाणी क्षमा मागून भोकं पाडली, माती नेली, आणि काही दिवसांनी संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसले. चेहरा पडलेला. "बाई, एकमत हुईना. मी कॉम्प्युटरवर कोपरा खचवून बघितला, भेग भलतीकडंच जाती. मग उलटं केलं. कोपरा तसाच ठेवला आणि बाकीची शाळा खाली बसवली. तवा भेग बरूबर त्याच जागी, त्याच तिरकेपणानं. म्हंजे कोपरा खचलेला न्हाई. सगळी माती उन्हाळ्यात वाळून बसती, हा एकटा कोपराच जागेवर राहतो. पर का? तितल्या मातीला वर्षभर पाणी कोण पाजतं?"

हे मला ठाऊक होतं. त्या कोपऱ्याबाहेर पाण्याचे नळ आहेत आणि एक करंजाचं झाड. दहावीच्या एका तुकडीने शाळा सोडताना लावलेलं. तेव्हापासून शाळेत एक रीत पडली. शाळा सुटली की प्रत्येक मुलगी आपल्या बाटलीत उरलेलं पाणी त्या करंजाला घालून मगच घरी जाते. डबेही तिथेच धुतात. मी हे सांगितलं तशी नेमाण्णांनी मांडीवर थाप मारली. "पोरींनी झाड जगवलं आणि शाळा चिरली! वा! असली गोड चूक मी जल्मात बघितली न्हाई."

समितीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. नेमाण्णांनी प्रोजेक्टर लावला. माती, पाणी, करंज सगळं नीट समजावलं, आणि शाळा कशी वाकते ते दाखवणारं चित्र पडद्यावर आणलं. त्याच वेळी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सूर्य टेकत आला होता. दिवस मावळल्यावर ते पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत. "जरा दोन घास खाऊन येतो, मग ह्या चित्राचं सांगतो," असं म्हणून डबा घेऊन ते बाहेर गेले.

चित्र तसंच पडद्यावर राहिलं. शाळा लालभडक, कोपरा आभाळाकडे उचललेला, भिंती तळलेल्या पापडासारख्या वाकड्या. आम्ही सगळे त्याकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर मी माझी खुर्ची हळूच दाराकडे सरकवली. तेवढ्यात सुभेदार आबा आले. त्यांना एका लग्नातून निघायला उशीर झाला होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"ही कंची इमारत?"

"आपलीच शाळा, आबा," शिपाई म्हणाला.

"बाहेर!" आबा गरजले. "सगळे बाहेर! एकदम! सामान राहू दे!"

आम्ही धावलो. मुख्याध्यापिका बाईंची एक चप्पल आतच राहिली. झेंड्याच्या खांबाजवळ उभ्याउभ्याच ठराव झाला, शाळा उघडायच्या आत इमारत जमीनदोस्त करायची. जेसीबीवाल्याला फोनही गेला. कुणीतरी धावताना पडद्याचा फोटो काढला होता, तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. 'शाळा वाकली' अशा मथळ्याखाली. माणसं बॅटऱ्या घेऊन बघायला यायला लागली आणि शाळा आपली सरळ उभी बघून आणखीच घाबरली.

नेमाण्णा हात पुसत आले. आधी रिकाम्या हॉलमध्ये डोकावले, मग आमच्याकडे आले. सगळं ऐकून घेतलं.

"आवं, मी दहीभात खाऊन येईस्तवर तुमी शाळा पाडली व्हय?"

मग त्यांनी सांगितलं की ते चित्र शेकडो पटींनी फुगवून दाखवलेलं होतं. भिंत खरोखर हलते ती नखाच्या जाडीएवढी. तेवढं पडद्यावर दिसणारच नाही, म्हणून मोठं करतात.

"जे न्हाई ते दाखवायचंच कशाला?" आबांनी विचारलं.

"आबा, तुमी सैन्यात नकाशा वापरत हुतासा. नकाशावर नदी निळीभोर असती. खरी असती का तशी?"

"न्हाई. पर नकाशावरची नदी खोटी मानून जो पुढं गेला, तो बुडाला, अण्णा." आबांचा आवाज खाली आला. "माझी नात बसणार त्या खोलीत. तुमचं गणित चुकलं तर तिच्या आईला मी काय सांगू? बोला."

नेमाण्णांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरूबर हाय तुमचं. माझ्या शब्दावर पोरी बसवू नका. शाळा उघडायच्या आत ती भेग मिटवून दावतो. माझं गणित सांगतंय, बाकीच्या तीन बाजूंनी पाणी दिलं तर माती वर येईल आणि भेग मिटंल. मिटली तर शाळा ठेवा. न्हाई मिटली तर पाडा. पयली कुदळ मी मारतो."

त्यांना ओळखणारी माणसं चमकली. ज्याने आयुष्यभर एकेक खड्डा हात जोडून टाळला, तो शाळेचा पाया खणायला तयार झाला होता. आबांनी जेसीबी थांबवला. पण अट घातली की तोवर त्या वर्गाला कुलूप.

दुसऱ्याच दिवशी नेमाण्णांनी आपल्या उसातली ठिबकची नळी गुंडाळून जीपमध्ये टाकून आणली आणि शाळेच्या तीन भिंतींच्या कडेने अंथरली. थेंब थेंब पाणी सुरू झालं. गावाला मग विषयच मिळाला.

"अण्णा, शाळेची लावण कवा केली?"

"आडसाली ऊस हाय का पूर्वहंगामी?"

"खत घाला की जरा, वरचा मजला येईल!"

नेमाण्णा सगळ्यांना उत्तर देत. "येईल की. तुरा आला की तुमच्या पोरांना कॉलेजबी हितंच."

आबा रोज सकाळी येत, कुलूप काढत, खिशातलं एसटीचं तिकीट भेगेत घालून बघत आणि पुन्हा कुलूप लावून जात. तिकीट आरामात आत जायचं. काही दिवसांनी ते दुमडून घातलं तरी जायला लागलं. भेग मिटण्याऐवजी वाढत होती! ग्रुपवर पुन्हा फोटो आला. मी घाबरून नेमाण्णांना फोन केला.

ते आले. भेग बघितली. भिंतीच्या बाहेर वाकून माती बघितली. आणि मग, तुमचा विश्वास बसणार नाही, ते आनंदाने ओरडले, "चुकलं! लय भारी चुकलं!"

आबा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच मनात आणा.

"आबा, हिकडं या. ही बघा जमीन कशी फाटलीया. मी गणितात धरलं की पाणी सगळीकडं सारखं मुरतं. पर ह्या फटींतनं सगळं पाणी पळून करंजाकडच्याच बाजूला चाललंय. जी माती आधीच पोटभर प्यायली, तिलाच मी आणखी पाजत बसलो. न्हाई चुकलं तर कसं कळणार हुतं?"

"तुमाला आनंद कशाचा होतोय?" आबा म्हणाले. "दिवस किती राहिलेत ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय. म्हणून तर हसून घेतो. रडायला वेळ न्हाई."

त्या दिवशी दुपारी नेमाण्णांनी धोतरासारखी पँट वर दुमडली आणि स्वतः घमेलं उचललं. जमिनीवरच्या फटींत भुसभुशीत माती भरायची, आळी बांधायची, नळीची जागा बदलायची. आबा थोडा वेळ हाताची घडी घालून बघत राहिले. मग त्यांनीही फावडं घेतलं. "असं न्हाई, अण्णा. बांध असा घालत्यात व्हय? तुमचं शिक्षण जास्त झालं." थट्टा करणारी माणसंही एकेक करून आत आली. उसाला पाणी सगळीकडे सारखं कसं पोचवायचं यावर तिथे प्रत्येकाचं वेगळं मत होतं, आणि प्रत्येकाने ते मोठ्याने सांगितलं. संध्याकाळी शाळेभोवती इतकी देखणी आळी झाली होती की खरंच ऊस लावावा. नेमाण्णा कुपवाडला जाऊन नवीन आकडे घालून आले. "आता त्रिकोणांचं एकमत झालंय," एवढंच मला म्हणाले. मी देवापुढे दिवा लावला, ते त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या दिवसांत आबांचं काही कळेना. येत, बघत, जात. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. एका शनिवारी, सुट्टी असूनही, मी शाळेत गेले होते. आबा आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी डोकावले तर ते स्टुलावर चढून तिकीट भेगेत घालत होते. एका जागी, मग वर, मग आणखी वर. तिकीट दुमडत होतं, आत जात नव्हतं. एवढा मोठा सुभेदार, ओठ चावून तिकीट ढोसत होता.

"बाई," मला बघून ते म्हणाले, "जाईना."

मग स्टुलावरून उतरून मैदानात गेले आणि पूर्ण आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "जाईनाऽऽ!" गावातल्या माणसांना वाटलं, शाळेत कुणीतरी घुसलंय आणि आबांनी हाकललं तरी जात नाही. ती धावत आली.

शाळा ठरल्या दिवशी उघडली. नळ दुसरीकडे हलवले, चारही बाजूंनी फरसबंदी झाली आणि फरशीपलीकडे चारही बाजूंना करंजाची नवी रोपं लागली. बाटल्यांची रीत मोडायला नेमाण्णांनी साफ नकार दिला. फक्त वाटून दिली. पाचवीचं पाणी उत्तरेला, सहावीचं पश्चिमेला, असं. मुलींनी आपापल्या रोपांना नावंही ठेवली.

सातवीच्या वर्गाचं कुलूप आबांनी नातीच्या हाताने काढलं. समितीची सगळी मंडळी आत आली. आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अण्णांचं गणित बरूबर निघालं. मी मानलं."

नेमाण्णा मात्र भिंतीला नाक लावून उभे होते. "न्हाई आबा. बरूबर न्हाई. माझ्या गणितात भेग पुरती मिटत हुती. ही बघा, केसाएवढी राहिलीया."

"अहो, एवढीच ना!" मुख्याध्यापिका बाई हसल्या. "गवंडी आलाय, आत्ता लिंपून टाकेल." गवंडी थापी घेऊन तयारच होता.

नेमाण्णांनी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये हात आडवा घातला. "थांब रं बाबा. शाळेची भेग मिटली. ही उरलीया ती माझ्या गणितातली. तू बुजवलीस तर माझं कुठं चुकलं ते मला कळायचं कसं? राहू दे. पोरींना काय धोका न्हाई तिच्यापासनं."

आबांनी नातीकडे बघितलं, मग त्या रेषेकडे, आणि गवंड्याला मानेनेच थापी खाली ठेवायला सांगितलं. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात नेमाण्णा भिंग घेऊन तिथे येतात, मुलींच्या बाकावर अवघडून बसतात आणि आकडे टिपून नेतात. यंदा तर बेळगावहून आले. आबा त्यांना घ्यायला स्टँडवर गेले होते.

त्याच आठवड्यात रंगारी आला. त्याने सातवीच्या सगळ्या भिंती पिवळ्या केल्या. खिडकीपाशी पोचल्यावर त्याने मोठा ब्रश ठेवला, बारीक घेतला, आणि ती केसाएवढी रेषा दोन्ही बाजूंनी वाचवत वाचवत वर छतापर्यंत गेला.